समुद्रातल्या खिंडी

आबा,

परवा रेडिओवर सांगितलं की सुएझ बंद झाला, जहाजं तिथंच अडकून पडलीत. घरात कुणी मान वर केली नाही. मी मात्र भाकरी तव्यावर तशीच सोडून बाहेरच्या खोलीत गेले, आणि तिथं पोचल्यावर कळेना, आपण कशाला आलो. तुम्हाला सांगायलाच उठले असणार. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, तरी पाय उठलेच. भाकरी करपली ती करपलीच.

वरंध घाटाच्या तोंडाशी भोर संस्थानचा जकात नाका, तिथं तुम्ही उभी हयात काढलीत. कोकणातनं मीठ नि सुकी मासळी वर यायची, आपल्याकडचा गूळ खाली जायचा, सगळं तुमच्या डोळ्यांदेखत. एका पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद झाला आणि भोरच्या बाजारात मीठ मिळेना. तेव्हापासून तुमचं एकच पालुपद, की डोंगर केवढाही लांब असू दे, राखायची ती खिंड. मग लढाई लागली, दादा पलटणीत भरती झाला नि तुम्ही तेच समुद्राला लावलंत. शाळेतल्या मास्तरांकडनं जुना नकाशा मागून आणून भिंतीवर ठोकलात. अजून डोळे मिटले की आपलं स्वयंपाकघर दिसतं. तुम्ही परातीतल्या नाचणीच्या पिठात बोटानं रेघा ओढताय. हा अरबस्तान, ही आफ्रिका, मधली एवढीशी फट म्हणजे तांबड्या समुद्राचं तोंड. पलीकडची दुसरी फट इराणच्या आखाताची, बसऱ्याला जायची. आई कमरेवर हात ठेवून बघतेय.

"भाकरीच्या पिठात समिंदर नगा काढू. पोरांनी खायाचं काय?"

"अगं, हितं कुणी तोफा लावून बसलं तर आख्ख्या दुनियेची जहाजं थांबत्यात."

"आन् आपल्या पोराचं पत्र?"

"त्येच सांगतोय न्हवं! वाट अडलीय. पोरगं न्हाई अडलं."

दादा कुठं आहे हे आपल्याला ठाऊकच नव्हतं. पलटणीतनं तसं लिहू देत नसत. पण तुम्ही ठरवून टाकलंत. त्याआधीच्या लढाईत आपल्या खोऱ्यातली माणसं गेली ती बसऱ्याला, नाहीतर मिसरला सुएझकडं, म्हणजे हाही तिकडंच. यात कुणाला शंकाही आली नाही. आईला नाही, मला नाही, पारावर बसणाऱ्या जुन्या शिपायांनाही नाही.

माझं लग्न त्या दोन फटींवर लटकलं होतं. शिवऱ्याची, नवऱ्याकडची माणसं दोनदा येऊन गेली. कानपिळीला सख्खा भाऊ हवा, एवढाच तुमचा हट्ट. ते म्हणाले, चुलतभाऊ पिळंल की कान, त्यात काय एवढं. तुम्ही त्यांना उठवून नकाशासमोर उभं केलंत. "ही खिंड मोकळी झाली की येतोय त्यो. म्हैना-दोन म्हैने दम धरा." आणि माझे होणारे सासरे, ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, ते गंभीर चेहऱ्यानं मान डोलावत म्हणाले, "व्हय, खिंडच हाय म्हनल्यावर काय करनार." मी दाराआड उभी होते. मला हसू येत होतं नि रडूही. दादा यावा असं वाटत होतं, आणि लग्न होऊन जावं असंही. कुठलं जास्त, ते मला आजही सांगता येत नाही.

मग तो दिवस. सिंगापूर जपान्यांच्या हाती पडल्याचं वर्तमानपत्र कुणीतरी भोरहून आणलंय. तुम्ही चुलीपाशी बसून मोठ्यानं वाचताय आणि मधेच उठून नकाशावर बोट ठेवताय. मलाक्काची सामुद्रधुनी, तिच्या टोकाला हे बेट, पूर्वेच्या समुद्राचं दार. "बघा, म्या म्हनत हुतो का न्हाई? नाका गेला की मुलूख गेला!" आबा, तुम्ही खूश होतात. वाईट बातमीनं नव्हे, तुमचं म्हणणं खरं ठरलं म्हणून. आई म्हणाली, "लई पोरं धरली म्हंत्यात. त्यांच्या आयांनी काय करायचं?" तुम्ही तिला समजावलंत, "ते पूर्वेचं गं. आपला तिकडं न्हाई." आणि आईनं सुस्कारा टाकून पुढची भाकरी थापायला घेतली.

त्या उन्हाळ्यात लग्न झालं. कान चुलतभावानंच पिळला, तोही नको इतक्या जोरात. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही तापानं गेलात. जाताना आईला सांगितलंत, वाट उघडंल, दार लावून घेऊ नका. लढाई संपल्यावर वेल्ह्याकडचा एक गडी घरी आला, दादाच्या तुकडीतला, हाडांचा सापळा झालेला. मी माहेरी होते. तो म्हणाला, "आमी मुंबैतनं निघालो ते बसऱ्याकडं वळलोच न्हाई. लंकेला वळसा घालून पूर्वेला गेलो. सिंगापुरात समदे धरले गेलो. त्यो छावणीत आजारी पडला, मावशी. शेवटाला म्या जवळ हुतो." आईनं त्याला पाणी दिलं. मग नकाशासमोर जाऊन उभी राहिली आणि मला एवढंच म्हणाली, "ह्यास्नी कळलं आसंल का गं?"

तेच मला उलगडत नाही. तुम्हाला खरंच वाटत होतं का तो पश्चिमेला आहे? की सिंगापूर वाचताना मनात पाल चुकचुकली, म्हणूनच इतक्या घाईनं "आपला तिकडं न्हाई" म्हणालात? तुमचा आवाज आठवून बघते. एकदा निर्धास्त वाटतो, एकदा वाटत नाही. तुम्ही आम्हाला खिंडीच्या गोष्टी सांगून जगवलंत की स्वतःला, हेही कळत नाही. कधी तुमचा असा राग येतो की नाव काढू नये वाटतं. एवढं सगळं शिकलात आणि डोळे नेमके नको त्या दारावर लावून बसलात. आणि मग वाटतं, बरं झालं. निदान तो येतोय या भरवशावर गेलात.

दादाचं तुम्हाला कळायला हवं, असं सुएझची बातमी ऐकल्यापासून घोकतेय, म्हणून हे लिहायला बसले. पण खरं सांगू? वाचायला तुम्ही असतात, तर मी हे लिहिलंच नसतं.