पातळ तळ, निळा पट्टा

१२ जानेवारी, रविवार
उद्यापासून रोज पळणार. शहराची रिले शर्यत फेब्रुवारीत, आराकावा नदीच्या बांधावर. परांची बांधणाऱ्या आमच्या टीमला एक माणूस कमी पडतोय. मुकादम हातानाका-सान म्हणाले, बर्फाळ आओमोरीचा गडी तू, पळशील ना? म्हटलं, बघाच.
माझ्यानंतर शेवटचा टप्पा ते स्वतः पळणार. एप्रिलमध्ये निवृत्त होतायत. खांद्यावरचा निळा पट्टा एकाने पुढच्याला द्यायचा. वेळेत पोचला नाही, तर आयोजक पुढच्याला पिवळा पट्टा घालून पळायला सोडतात. आमचा निळा आजवर चुकलेला नाही. टीममधला इनोमाता म्हणाला, तू चुकवू नकोस बाबा. जळतो मेला.

१५ जानेवारी, सकाळ
सोमवार-मंगळवार तयारीत गेले. आज कामाचेच कापडी बूट, जिका-ताबी, घालून निघालो. अंगठा वेगळा, तळ पुठ्ठ्याएवढा. महागडे बूट हवेत कुणाला! पुलापाशी कुत्रा घेऊन उभे असलेले म्हातारे मागारी-सान म्हणाले, काय रे पोरा, कामावरून पळून चाललास? थांबून समजावलं. जाड तळ म्हणजे पायाच्या डोळ्यांवर पट्टी. माणूस बिनबुटाचाच जन्मतो. म्हणाले, बिनचड्डीचाही जन्मतो. मुद्दा त्यांना कळला नाही. उद्या परत समजावतो.

१८ जानेवारी
पळणं झालं नाही. पण पळण्याबद्दल पाऊण तास बोललो. दमलो तेवढाच. बदकं बघायला आलेल्या दोन बायकांना आजोबांचा किस्सा सांगितला : बर्फातून अनवाणी शेजारच्या गावाला जायचे. खरं तर टपालाच्या मोटारसायकलवरून जायचे. मोजे मात्र पातळ असायचे.

२४ जानेवारी
इनोमाता म्हणाला, तुझं पळणं म्हणजे बसस्टॉप. माणसं येतात, थांबतात, जातात, स्टॉप आपला तिथेच. मी हसलो नाही. हायस्कूल अर्धवट सोडलेल्या मला लोक सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणायला लागलेत. (एकच बाई. हसत.)
मुकादमांनी मात्र पायांबद्दल एकदाही विचारलं नाही. इतकं समोर दिसत असून. आज म्हणाले, जेवतोस ना नीट? आणि रश्श्यातलं आपलं अंडं माझ्या वाडग्यात टाकलं.

१ फेब्रुवारी
ठरलं. शर्यत पूर्ण अनवाणी. किश्श्यातले आजोबा हल्ली डोंगरही ओलांडतात.

८ फेब्रुवारी
मुकादमांनी पट्टा धुऊन, इस्त्री करून आणला. म्हणाले, नंबर कितवा का येईना, हा अंगावर घेऊन शेवटची रेघ ओलांडायचीय एवढंच. म्हटलं, निश्चिंत राहा. रस्ता ओळखीचा आहे. माणसंही.

९ फेब्रुवारी, रविवार
पट्टा वेळेत मिळाला. सुरुवात झकास. तळवे बधिर, म्हणजे जमिनीशी एकरूप. पुलापाशी मागारी-सान ओरडले, अरे, बूट चोरले की काय कुणी? बरीच गर्दी होती. एवढ्या लोकांत गैरसमज राहू देणं बरं नव्हतं. दोन वाक्यांपुरता थांबलो. एका बाईने विचारलं, काच नाही लागत? प्रश्न रास्त होता. मग आजोबा निघाले. शेवटी मागारी-सानच म्हणाले, अरे पोरा, शर्यत चालू आहे ना?
पोचलो तेव्हा मुकादम नुकतेच सुटले होते. पाठ दिसत होती, तिच्यावर तिरका पिवळा पट्टा. हाक मारली. वळले नाहीत.
शर्यत संपल्यावर आले. निळा पट्टा माझ्या हातातून घेतला, नीट घडी घातली, खिशात ठेवला. मग मुकादमांनी खाली बघितलं. विचारलं, पाय दुखतायत का रे?
त्यांनी विचारावं म्हणून महिनाभर थांबलो होतो. आता एक पाय दुसऱ्यामागे लपवला.

१३ फेब्रुवारी, सकाळ
साधे बूट घातले. जाड तळाचे. पुलापाशी मागारी-सान. म्हणाले, सेन्सेई, आज बोटं झाकलीत ती?
म्हटलं, घाईत आहे. आणि सुटलो. कुत्रा थोडा वेळ मागे आला, मग त्यानेही सोडून दिलं. पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत जाम धाप लागली.
इतकं सलग पहिल्यांदाच पळालो.