नळीला मारलेली गाठ

करावे,
ता. ७ ऑक्टोबर

चि. सौ. चंदास शेवंताताईचे अ. आ.

मितेशच्या हाती पाठवलेला सुका जवळा मिळाला. तुझा लेक नेरूळला नोकरीला येता-जाता माझा पोस्टमन झालाय, त्याला एकदा चांगलं जेवायला घालीन. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि तू अर्धंच बोलतेस, त्यापेक्षा हे बरं.

चंदा, फेब्रुवारीत आपण सगळ्यांनी तुझ्या भाऊजींना पोचवलं, पण ते अजून घरातच आहेत. संध्याकाळचं पाणी येऊन गेलं की स्वयंपाकघरातला नळ श्वास ओढतो. लांब, घरघरता, अगदी ते शेवटी शेवटी ओढायचे तसा. सकाळी पाणी आलं की पहिल्या तांब्याला त्यांच्या जाळ्याचा वास येतो. काल तर तळाशी खवले चमकत होते. मी घाबरले नाही गं, उलट बरं वाटलं.

तेजसला आणि दिशा सूनबाईला काही बोलले नाही. त्या तांब्यातलं चमचाभर पाणी रोज गुपचूप कान्हाला पाजते, आजोबांनी नातवाला पाठवलंय म्हणून. त्याचं पोट मात्र बरेच दिवस बिघडलेलं आहे. दहा महिन्यांचं लेकरू, डोळे खोल गेलेत. दात येत असतील. तिकडची खुशाली कळव, आणि जीव लावतेस तसाच लावत जा.

तुझी ताई,
शेवंता

मोरा,
ता. ९ ऑक्टोबर

ती. स्व. ताईस चंदाचा शि. सा. न.

आधी रागावते, बाकीचं नंतर. कान्हाला त्या पाण्याचा एक थेंबही पाजू नकोस. दिशाला सगळं सांग आणि त्याला आजच डॉक्टरकडे न्या.

दाराबाहेरच्या ओट्यावरचा तो पाण्याचा ड्रम आठव. भाऊजी त्यात जाळी धुवायचे, तू अजून माशांच्या पाट्या विसळतेस. कान्हा जन्मला तेव्हा ड्रममध्ये पाणी पडायच्या आवाजाने दचकून उठायचा. म्हणून भाऊजींनी बाहेरच्या नळाची नळी ड्रमच्या तळापर्यंत बुडवून त्याच्या कडीला गाठ मारली. ते गेल्यावर वर्षश्राद्धापर्यंत त्यांची वस्तू हलवायची नाही, असं तूच सगळ्यांना बजावलंस. नळी बुडालेली आणि तो नळ कायम उघडा. पाणी गेलं की रिकामा पाइप मागे ओढतो; शेजारच्या पायलची मोटर चालू असली तर जास्तच. पाट्यांचं घाण पाणी नळीतून पाइपात जातं, आणि सकाळी तेच तुझ्या तांब्यात उतरतं. आमच्या जेट्टीकडे एका चाळीत असंच होऊन घरंच्या घरं काविळीने आडवी पडली होती.

माझं पटत नसेल तर संध्याकाळी ड्रममध्ये कपड्यांची नीळ टाक. भाऊजी असतील तर सकाळी पाणी स्वच्छ येईल. माया कमी करू नकोस, पण ऐक.

तुझी,
चंदा

करावे,
ता. १२ ऑक्टोबर

चि. सौ. चंदास अ. आ.

पाणी निळं आलं.

मी तांब्या धरून उभीच राहिले. तेवढ्यात पायल तिची घागर घेऊन दारात आली. तिच्याही पाण्याला निळी झाक होती, आणि तिची दोन्ही मुलं आठवडाभर ओकत होती. मला जमीन दुभंगावी असं झालं.

कान्हाला ॲडमिट केलंय, सलाईन लावलंय. मी दिशाला सगळं सांगितलं. तिने नुसतं लेकरू माझ्या मांडीवरून उचलून घेतलं. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन गाठ सोडवली. त्यांची डाव्या हाताची गाठ, आपल्या घरात दुसऱ्या कुणाला जमत नाही. सोडवताना नख मोडलं. ड्रम ओतून दिला. प्लंबरने बाहेरच्या नळाला पाणी मागे फिरू न देणारा वॉल्व्ह बसवला, तरी नळीचं तोंड पाण्यापासून वीतभर वरच ठेवा असं बजावून गेला. तेजसने ती भिंतीच्या खिळ्याला टांगली. कान्हासाठी देवाला सांग.

शेवंता

मोरा,
ता. १५ ऑक्टोबर

ती. स्व. ताईस शि. सा. न.

कान्हा दूध पिऊ लागल्याचं मितेशकडून कळलं आणि इथे पेढे वाटले. भाऊजींनी गाठ मायेनेच मारली होती, तूही पाणी मायेनेच पाजलंस. दिशाला वेळ दे. आणि नळी खाली येऊ देऊ नकोस!

तुझीच,
चंदा

करावे,
ता. २१ ऑक्टोबर

चि. सौ. चंदास अनेक आशीर्वाद.

कान्हा घरी आला. काल संध्याकाळी दिशा त्याला कुशीत घेऊन निजली होती, तेजस कामावर होता. मी भाजी निवडत होते. पाण्याची वेळ झाली, पण ड्रममध्ये पाणी पडल्याचा आवाज येईना. बाहेर जाऊन बघितलं तर ड्रम निम्मा भरलेला. नळी खिळ्यावरून उतरून तळापर्यंत बुडाली होती आणि कडीला गाठ होती. डाव्या हाताची.

अंगावर काटा आला. मग वाईट वाटलं. नातू निजलाय, एवढंच त्यांना ठाऊक.

चंदा, जन्मात त्यांना उलट बोलले नाही, ती काल बोलले. म्हटलं, पोर उठलं तं उठू द्या, मी हाय ना निजवायला, तुमी आता निजा. गाठ सोडवली. या वेळी चटकन सुटली. नळी वर टांगली, पाणी धडाधड पडायला लागलं आणि कान्हाने रडून घर डोक्यावर घेतलं. दिशा बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, आणि त्याला माझ्या हातात दिलं.

आज नळी खिळ्यालाच टांगलेली आहे. पाणी गेलं तेव्हा मी नळाला कान लावून बसले होते. काहीच ऐकू आलं नाही. फार रडले.

येऊन जा. आता माझं म्हणायला तूच उरलीस.

तुझी ताई,
शेवंता