फोटोतली तेरा माणसं

कोल्हापूर,
मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

प्रिय क्रांतीताई,

नमस्कार. पोस्टाचं पाकीट बघून दचकू नकोस, मी बरी आहे. गुडघा तेवढा सकाळी जिना उतरताना कुरकुरतो. वारणानगरात सध्या कारखाना जोरात असणार, आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडते म्हणून तुझी चिडचिडही तेवढीच जोरात. सूनबाईंना आशीर्वाद सांग.

वरच्या खोलीचं तू विचारलं होतंस. कॉलेजच्या मुली भाड्यानं मागतायत, मी येणार असेन तर त्यांना नाही म्हणतेस. त्याचं शेवटी लिहिते. आधी रविवारची गंमत ऐक.

आमचा सहलीचा ग्रुप यंदा राधानगरीच्या बाजूला गेला होता. दोन जीप केल्या होत्या. आधी धरणाच्या पाण्याकडेनं चाललो, मग एका गावाच्या तळ्यावर डबे सोडले. शमशादभाभींनी खिमा आणला होता. माळकरी मंडळी लांब बसली आणि वासावरून जेवली. तिथून चढ चढून बॉक्साइटच्या जुन्या खाणीवर. खाण बंद होऊन बरीच वर्षं झालीत. डोंगराचा माथा खरवडून नेलाय आणि उरलेल्या खड्ड्यात पाणी साठून तळंच झालंय. काठाची माती इतकी लाल, की सगळ्यांचे चपला-बूट एका रंगाचे झाले.

आमचे म्होरके आकारामसर. शाळेत पीटी शिकवायचे. पूर्वी ते नावं पुकारून हजेरी घ्यायचे, पण आमचे लोक एकमेकांच्या नावानं 'हजर' ओरडायला लागले. साठी उलटलेली माणसं, ताई! म्हणून सरांनी युक्ती काढली. सकाळी निघताना सगळ्यांचा एक फोटो, परत निघताना एक. दोन्हींतली डोकी मोजायची, जुळली की गाडी सुटली. फोटो मीच काढते. हे होते तेव्हा ह्यांनीच शिकवलेलं, माझा हात हलत नाही असं सगळे म्हणतात.

खाणीवर फोटो काढला. माझ्याच हातातल्या मोबाइलवर बोट ठेवत सरांनी डोकी मोजली. "तेरा. सकाळी पण तेराच की. चला, सगळी हायत!"

आम्ही चौदाजण होतो.

तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही. चपलेला चिखल लागला होता, तो धुवायला मी पाण्याकडं उतरले. वर मातीच्या ढिगामागं गाड्या चालू झाल्याचं ऐकलं. म्हटलं, वळवून घेत असतील. ढिगावर चढून येईपर्यंत रस्त्यावर नुसता धुरळा. पुढच्या गाडीला वाटलं मी मागच्या गाडीत, मागच्या गाडीला वाटलं पुढच्या.

तिथं एक बाई म्हसरं चारत होत्या. धोंडुबाई. लांबूनच ओरडल्या, "ओ पावणं! तुमास्नी इसरून गेली व्हय?"

"येतील की परत."

"आन् न्हाई आली तर? म्हशी हाकायला येत्या का?"

हसलो दोघी. त्यांनी बाटलीतलं पाणी दिलं, पदरानं दगड झाडून बसायला जागा दिली. मग विचारलं, "घरला कोन कोन हाय?"

"सगळी हायत," मी म्हणाले. का म्हणाले कुणास ठाऊक. अनोळखी बाईपुढं खोटं बोलायचं काय कारण होतं?

रविवारी संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी म्हटलं, गाडी बोलवायला रेंज नव्हती, म्हणून घरी यायला जरा उशीर झाला. तसं नव्हतं, ताई. ढिगावर रेंज चांगली होती. सरांचा नंबर काढला होता आणि लावला नाही. बघू या म्हटलं, कोण आधी विचारतंय. शमशादभाभींना माझी जागा रिकामी दिसेल. नाहीतर सरांना माझी पिशवी दिसेल, ती त्यांच्याच गाडीत होती. मोबाइल मांडीवर ठेवून मी बसून राहिले. आमच्या स्वप्नालीनं नातवाचा एक व्हिडिओ पाठवला, तेवढाच काय तो आवाज. तिला यातलं काही कळवू नकोस, ती तिकडं परदेशात आईसाठी जिवाला घोर लावून घेईल.

ऊन कललं. धोंडुबाईंनी म्हशी गोळा केल्या आणि जवळ येऊन उभ्या राहिल्या. "बाई, आता मला जायला पायजे. तुमाला इथं सोडून जात न्हाई मी. लावा फोन, न्हाईतर चला माज्या घरला."

तेव्हा लावला.

सर म्हणाले, "अहो हौसाबाई, तुमी मागच्या गाडीत न्हाई?" मागून कपबशांचा आवाज येत होता. हॉटेलवर थांबून सगळ्यांची मिसळ खाऊन झाली होती. चहा चालला होता.

लगेच गाडी घेऊन आले बिचारे. कान धरले, शमशादभाभी तर रडल्याच. वाईट कुणीच नाही, ताई. परतताना मला पुढच्या सीटवर बसवलं, खिडकीपाशी. सगळ्यांनी माझी टिंगल केली, मीही हसले, "मीच मुद्दाम लपले होते," म्हणाले. अर्धं खरंच होतं ते.

घरी येऊन मोबाइलमधले जुने फोटो बघत बसले. पन्हाळा, कळंबा, बर्की, सगळीकडचे. एकाही फोटोत मी नाही, आणि आजवर कुणी म्हटलं नाही, की हौसाबाई, तुम्ही पण या. मीही कधी म्हटलं नाही.

तू इकडं ये म्हणालीस की मी दर वेळी तुला ऐकवायचे, माझी चौदा माणसं आहेत इथं. त्या चौदांत मी मलाही धरत होते.

खोली अजून दिली नसशील तर देऊ नकोस. मला यायचं आहे. सूनबाईंना आधी नीट विचार. त्यांना अवघड वाटत असेल तर तसं स्पष्ट लिही, मी राग धरणार नाही.

पण लिहीच. फोन करू नकोस. तू फोनवर "कशी आहेस?" म्हणालीस की माझ्या तोंडून आपोआप "मजेत" निघतं, आणि मग पुढचं काहीच बोलता येत नाही.

तुझ्या पत्राकडं डोळे लावून बसलेली,
तुझी धाकटी,
हौसा