न बांधलेल्या वखारीचं बक्षीस

आप्पा, तुमचं बक्षीस मागायला गेल्या महिन्यात घरी दोन माणसं आली होती. एक शाळेचे हेडमास्तर आणि दुसरा मुन्शिपाल्टीचा मेंबर, कडक टोपीतला. इंग्रज गेले, राज्य आता आपलं झालं म्हणून आपल्या भागातली थोर माणसं हुडकायला निघालेत, आणि निपाणीत हुडकता हुडकता त्यांना तुम्ही सापडलात. तुमचं ते विलायतेचं पदक आणि तंबाखूच्या वखारीचा नकाशा शाळेत काचेच्या कपाटात मांडायचा म्हणतात. मी नुकतीच कामावरनं आले होते. अंगावरचा तंबाखूचा खकाणा झाडत झाडतच त्यांना घोंगडं टाकलं. हेडमास्तर म्हणाले, "बाई, तुमचे वडील म्हणजे या भागाचं भूषण. साऱ्या जगातनं आलेल्या नकाशांत त्यांच्या कामाचा गौरव झाला." मी विचारलं, "कुठल्या कामाचा?" तर म्हणतात, "न बांधलेल्या इमारतीचा." हे सांगताना त्यांना हसू आलं नाही, म्हणून मग मीच हसून घेतलं. म्हटलं, "मास्तर, आज मी भात शिजवला न्हाई. त्याचं पदक कुठं मिळतंय का तेवढं बघा." मेंबर टोपी सारखी करत खाली बघायला लागला.

माझी शाळा तिसरीत सुटली, तेव्हा अक्षर वाकडं गेलं तर चालवून घ्या. तुमच्यासारख्या रेघा मला कुठल्या यायला. पण ती माणसं गेल्यापासून डोक्यात सगळं उलटंपालटं व्हायला लागलंय आणि बोलायला तर समोर कुणी नाही.

तुम्ही तेव्हा बेळगावात, कॅम्पातल्या कंत्राटदाराच्या कचेरीत नकाशे काढायला होता. शनिवारी निपाणीला यायचा, रविवार काढून परत जायचा. आई इथं वखारीत तंबाखू चाळायला. जर्मनीची पहिली लढाई नुकती संपली होती, मी बारा-तेरा वर्षांची असेन. एका शनिवारी तुम्ही आलात तर आई घरी नाही. आपण दोघं वखारीकडं गेलो. अजून मला ते दार दिसतं. मी तुमचा सदरा धरून उभी आहे. आत खिडकी म्हणून नाही. वाऱ्यानं चुरा उडून जातो म्हणून मालकानं होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या बुजवून टाकल्यात. बायका तोंडाला पदर गुंडाळून चाळण्या हलवतायत आणि त्या खकाण्यात शेजारची बाई शेजारणीला ओळखू येत नाही. आईला दोघींनी धरून दाराशी आणलंय. तिला तंबाखू लागली आहे, ओकून ओकून तिचे डोळे पांढरे झालेत. तुम्ही तिला पाठीवर घेतलंत आणि भर बाजारातनं घरी आणलंत. लोक बघत होते, तुम्ही कुणाकडं बघितलं नाहीत. आप्पा, तेवढ्या एका दिवसाबद्दल मी तुम्हाला नावं ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी पुढच्या सोप्यात कागद पसरून तुम्ही वखार काढली. एकावर एक दोन छपरं. खाली पानाला वारा लागायचा नाही, पण खकाणा वर चढून दोन छपरांच्या मधनं बाहेर जाणार. आई भिंतीला टेकून बघत होती. "हितं बसलं तर श्वास येईल व्हय?" तिनं विचारलं. तुम्ही म्हणालात, "येईल. रानात बसल्यासारखा येईल." ती नंतर कित्येक दिवस वखारीतल्या बायकांना हेच सांगत होती.

मग तुमच्या कचेरीतल्या गोऱ्या इंजिनेरानं तुमच्या कानात वारं भरलं. म्हणे तिकडं विलायतेत इमारती बांधणारे मोठमोठे लोक जमतात आणि जगात कुठंच न बांधलेल्या नकाशाला बक्षीस देतात. देशोदेशींचे लोक पाठवतात. अट एकच, त्या नकाशाची एक वीटसुद्धा कुठं लागलेली नसावी. असलं बक्षीस काढणारी माणसं कुठल्या घरात राहत असतील मला माहीत नाही, पण त्यांच्या डोक्यावर छप्पर असणार एवढं नक्की. तुम्ही नकाशाची एक प्रत काढून धाडलीत, आणि त्या दिवसापासनं कागदातली वखार तुम्हाला खऱ्या वखारीपेक्षा मोठी वाटायला लागली.

त्याच सालात पावसानं जुन्या वखारीची मागची भिंत बसली आणि मालक स्वतः आपल्या दारात आला. आईनंच त्याला नकाशाचं सांगितलेलं. हातात पायाचा नारळ घेऊन आला होता.

"मेस्त्री, नकाशा आणा. उद्याचा दिवस चांगला हाय, पाया काढू."

तुम्ही नकाशा आणला नाहीत. म्हणालात, "मालक, जरा थांबावं लागंल. विलायतेचा निकाल यायचाय."

"किती थांबायचं?"

"सहा-आठ म्हैने."

"तंवर माझा माल तुमच्या सोप्यात ठिवू व्हय?"

"आता बांधली तर नकाशा बक्षिसातनं बाद हुईल."

मालक तुमच्याकडं बघतच राहिला. "म्हंजे नकाशा चांगला हाय म्हणून बांधायचा न्हाई? मी आजवर लई माणसं बघितली मेस्त्री. वाईट काम लपिवणारी बघितली, तुमच्यासारखं न्हाई बघितलं."

आई चुलीपुढनं उठून दाराआड आली. "द्या की वो. बाद झालं तर झालं."

"तू गप," तुम्ही म्हणालात. "तुला काय कळतंय त्यातलं."

तिला काय कळत होतं ते तिच्या छातीला माहीत. मालक उठला, नारळ तिथंच घोंगड्यावर ठेवला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे हितंच. पायात न्हाई तर पोटात तरी जाईल." पायासाठी आणलेला नारळ माघारी न्यायचा नसतो. आईनं तो जात्याच्या कडेवर फोडला, लसूण-मिरची घालून पाट्यावर वाटला आणि रात्रीच्या भाकरीबरोबर वाढला. एवढ्या जोरात वाटत होती की पाटा जागचा सरकला. तुम्ही चटणी दोनदा मागून घेतलीत. छान झालीय म्हणालात.

मालकानं दुसरा गवंडी आणून महिन्याभरात पत्र्याची वखार उभी केली. आधी नुसता खकाणा होता, आता खकाणा आणि वर तापलेला पत्रा. चैत्रात तिथं चाळणीची कड हाताला चटका द्यायची. बायका आईला म्हणायच्या, "काय गं, तुझ्या नवऱ्याचं रान कुठं ऱ्हायलं?" ती चाळणी हलवत राहायची.

आणि आलं की हो तुमचं पदक. कॅम्पात कचेरीपुढं मांडव, खुर्च्या, चहा. मला आणि आईला तुम्ही मुद्दाम बेळगावला नेलंत, आईला शहापुरी लुगडं घेतलंत. ते लुगडं चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. गोरा इंजिनेर उठून बोलायला लागला आणि आईला ढास लागली. तिनं पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. तुम्ही पुढच्या खुर्चीवरनं मान वळवून बघितलंत. ती नजर मी विसरले नाही आप्पा. पाहुण्यांच्या पंगतीत कुत्रं शिरल्यावर बघतात तशी. ती उठून बाहेर चिंचेखाली जाऊन बसली, मी तिच्या मागं गेले. साहेब काय बोलला ते परतताना मोटारीत तुम्हीच सांगितलंत. हिंदुस्थानातल्या एका माणसानं गरीब बायकांच्या श्वासाचा विचार केला, असं म्हणाला म्हणे. तुमचा आवाज भरून आला होता. आई खिडकीकडं तोंड करून खोकत होती.

त्यानंतर तुम्हाला चटकच लागली. पूल काढलात, शाळा काढलीत, जांबोटीच्या पावसात टिकेल असं घर काढलंत. कुणी बांधतो म्हणालं की तुम्ही कागद गुंडाळून ठेवायचा. गवंडी घाण करतील, मालक काटछाट करतील. तुमच्या एकाही इमारतीला कधी ओल आली नाही की तडा गेला नाही. येणार कुठनं?

त्या पत्र्याखाली आईनं काही उन्हाळे काढले आणि एका उन्हाळ्यात गेली. बाराव्या दिवशी माणसं बसलेली असताना तुम्ही डोळे पुसत म्हणालात, "त्या वखारीत बसली असती तर जगली असती." सगळे माना हलवायला लागले. मी पाणी वाटत होते. विचारावंसं वाटलं, कुठल्या वखारीत, आप्पा? पण माणसं बसलेली होती. तुम्ही होता तोवर परत कधी एवढी तिडीक आली नाही, आणि तुम्ही गेल्यावर विचारायचं कुणाला.

तर आता ऐका. मी त्याच पत्र्याच्या वखारीत बायकांची मुकादम आहे. पत्रा कुजून चाळण झालाय आणि जुन्या मालकाचा पोरगा नवी वखार घालायला निघालाय. मी तुमचा कागद त्याच्यापुढं टाकला. म्हटलं, "ही बांधा. न्हाईतर नव्या पत्र्याखाली तुम्ही आणि तुमचा दिवाणजी चाळत बसा, माझी एक बाई येणार न्हाई." चार दिवस कुरकुरला, मग दोन खण कमी करून तयार झाला. म्हणून त्या हेडमास्तरांना मी पदक दिलं आणि नकाशा देणार नाही, तो बांधायचाय म्हणून सांगितलं. ते कळवळले. "बाई, गवंड्याच्या हातात तो कागद चुन्यानं नासेल. आणि बांधल्यावर मग ती न बांधलेली इमारत कशी राहील? पदकाला अर्थ काय उरेल?" तुमचीच जात. मी म्हटलं, "पदक काचेत ठेवा, त्याला वारा लागला न्हाई तरी चालतंय."

काम सुरू झालंय. कंग्राळीचा गवंडी आहे, कागदाच्या चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवून बघतो. कागद नासला, ते खरंच. काल त्यानं मला हाक मारली. "आक्का, ह्या दोन छपरांच्या मधी ही तुटक रेघ कसली? भिंत हाय का मोकळी जागा?" मला काय ठाऊक. भिंत घातली तर वारा कोंडला. मोकळं सोडलं आणि ती भिंतच असली तर वरचं छप्पर बायकांच्या डोक्यावर. दिवाणजी म्हणतो भिंत घाला, झंझट नको. शेवटी गवंडीच म्हणाला, "खांब उभं करतो. वाराबी जाईल, छप्परबी ऱ्हाईल. चालंल?" मी चालंल म्हटलं.

पण चालंल म्हणायच्या आधी मी जरा थांबले होते, आप्पा. तुम्हाला विचारून येते, असं तोंडात आलं होतं.