खाच नसलेला नट

३ मार्च

पैसे परत आले! तिसऱ्यांदा! मी पाठवायचे आणि आठ दिवसांत दादाने परत करायचे. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. अरे, एक शिवी तरी घाल! वहिनी फोनवर म्हणते, "भावोजी, नका ना पाठवू. ते आकडासुद्धा बघत नाहीत." उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, वेल्डिंगचं दुकान अर्धाच दिवस उघडं, आणि ताठा बघा!

पुढच्या महिन्यात पुन्हा पाठवणार. मी पण त्याचाच भाऊ.

५ मार्च

या परक्या देशात मी ज्या सभागृहात शिपाई आहे, तिथे उद्यापासून चार दिवस बैठक. आज नुसत्या पाट्या लावल्या. एकतीस देशांच्या एकतीस पाट्या. आमच्या मुकादमाला आम्ही 'घड्याळ' म्हणतो, कारण दर पाच मिनिटांनी टोले देतो. हातात मोजपट्टी घेऊन मागे मागे. "पाटी वाकडी म्हणजे देश वाकडा! सरळ कर!"

पुढच्या रांगांत मत देणारे देश. मागच्या रांगेत निरीक्षक. त्यांनी यायचं, ऐकायचं, लेखी सूचना द्यायची, पण मत नाही. आपली पाटी मागे, त्यातून खांबाआड! घड्याळ म्हणाला, "काय रे, तुझा देश बघ्यांत?" सगळे हसले.

तो वळल्यावर पाटी चार बोटं अलीकडे सरकवली. आता खांब आड येत नाही.

६ मार्च

मला वाटलं होतं, एवढे देश जमलेत म्हणजे लढाईबिढाईचं असणार. पाण्याचे जग घेऊन आत गेलो आणि समोर पडद्यावर काय — नट! गॅसच्या नळीचा नट! आमच्या दुकानात डबाभर पडलेले असायचे तसला. पडद्यावर दाराएवढा.

जग हातातच राहिला. घड्याळाने डोळे वटारले तेव्हा हललो.

वेल्डिंगच्या दोन नळ्या. ऑक्सिजनच्या नटाला सरळ आटे, गॅसच्या नटाला उलटे, म्हणजे चुकून एकमेकांना लागूच नयेत. आणि उलट्या आट्याच्या नटाला बाहेरून कडांवर खाच पाडलेली असते. बोट फिरवलं की न बघता कळतं, हा उलटा फिरणारा. हे मला दादाने शिकवलं. मला वाटायचं, ही आमच्या गल्लीतलीच युक्ती. आणि इथे एकतीस देश तीच खाच मोजत बसलेत! किती खोल, किती रुंद!

कागदाचे गठ्ठे आणायला गेलो. कुठल्याही गठ्ठ्यातला कागद कुठल्याही यंत्रात बसतो. माइकची पिन खोबणीत बसते. दोन वर्षं रोज हाताळतोय, कधी मनातच आलं नाही. हे आपोआप नाही बसत. कुणीतरी अशाच खोलीत बसून, भांडून ठरवलंय. आज दिवसभर दिसेल त्याला हात लावत फिरलो.

७ मार्च

सकाळपासून जेवणापर्यंत एक शब्द! इथली भाषा मला कामापुरती येते, पण एवढं बारीक कळेना. आपल्या देशाच्या बाई आल्यात, इंजिनियर, केस पिकलेले. चहा देताना आपल्या भाषेत विचारलं, "मॅडम, भांडण कशावरून?"

दचकल्या, मग हसल्या. "मॅडम कसली, ताई म्हण. नियमाच्या नवीन मसुद्यात लिहिलंय, खाच 'असावी'. आधी होतं, 'असलीच पाहिजे'. असावी म्हणजे नसली तरी चालेल. कारखानेवाले म्हणतात लाल रंग पुरे, खाचेचा खर्च वाचतो."

लाल रंग! मी किटली खाली ठेवली.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून एका चिमुकल्या देशाचा माणूस उठला. एकटाच आलाय, दोन दिवस विमानं बदलत. समोर मोठा देश, सात माणसांची फौज. हा म्हणाला, "आम्हाला 'असावी' पटत नाही." अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. सगळे थांबले! सातही जण थांबले! ताई कानात म्हणाल्या, "मोठा असो नाहीतर एवढासा, एका देशाचं एकच मत. आणि लेखी सूचना आली तर बघ्या देशालाही उत्तर द्यावंच लागतं. प्रत्येक सूचनेला. टाळता येत नाही."

असं कुठं असतं? आमच्या पाण्याच्या नळावरसुद्धा नसतं!

८ मार्च

रंग पुरत नाही. मला माहीत आहे. मलाच माहीत आहे!

तो नट मी केला होता. लेथवर. गिऱ्हाईक डोक्यावर उभं. खाच पाडायची म्हणजे आणखी दहा मिनिटं. म्हटलं, खाच काय, दागिना आहे! फासला लाल रंग आणि दिला आमच्याच नळीला लावून. दादाला बोललो नाही. चार महिन्यांत रंग काजळीने गेला. एक दिवस सूं आवाज आला. खोलीभर धूर. दादाने चाचपलं, खाच लागली नाही. त्याला वाटलं ऑक्सिजनचा नट, सरळ आट्याचा. आवळायला म्हणून फिरवला. उलटे आटे — तो सुटला. भडका!

दवाखान्यात दादाने सगळ्यांना सांगितलं, "माझाच हात चुकला." मला एक शब्द नाही. तीन आठवड्यांत मी इकडे पळून आलो. पळूनच.

आज हे सगळं ताईंना सांगितलं. पाट्यांच्या कपाटाजवळ, उभ्या उभ्या. म्हटलं, आत जाऊन सांगा!

त्या म्हणाल्या, "इथे माणूस बोलत नाही रे, देश बोलतो. आणि देश म्हणजे आपल्याकडची समिती. तिच्यात बनवणारे आहेत, तपासणारे आहेत. वापरणाऱ्याची खुर्ची दोन वर्षं रिकामी. एक वेल्डर मिळत नाही मला!"

"मी येऊ?"

"तू नट केलास. हात कुणाचा भाजला?"

९ मार्च

ठरलं नाही. दोन्ही शब्द मसुद्यात ठेवून तो सगळ्या देशांना धाडणार. सूचना आल्या की पुन्हा बसणार. एका शब्दासाठी!

पाट्या गोळा केल्या. आपली पुसून सर्वांत वर ठेवली.

१७ मार्च

वहिनीला फोन. समितीची बैठक २० एप्रिलला, पत्ता, ताईंचा नंबर, सगळं लिहून घ्यायला लावलं. "भावोजी, हे वेल्डर, सभेत काय बोलणार?" म्हटलं, जे झालं ते. आणि दादाला सांग, नट मी केला होता.

वहिनी म्हणाली, "ते त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

२ एप्रिल

काही नाही. या महिन्याचे पैसे अजून पाठवले नाहीत. हात होत नाही.

९ एप्रिल

फोनवर दादाचा आवाज! दोन वर्षांनी! रेकॉर्ड करून पाठवलाय. आधी खाकरला, मग —

"त्या बाईंशी बोललो. जातो. भाषण येत नाही मला. तुझा नट घेऊन जातो, डब्यात ठेवलाय. साहेबांना म्हणेन डोळे मिटा, चाचपा आणि सांगा कुठल्या बाजूला फिरवू. गाढवा, दहा मिनिटं जास्त लागली असती तर काय आभाळ कोसळणार होतं? गाडीभाडं पाठव. एका माणसाचं. जाऊन-येऊन."

गाढवा म्हणाला! अकरा वेळा ऐकलं. घड्याळ ओरडत होता, ओरडू दे.

१० एप्रिल

पाठवले. त्याने सांगितले तेवढेच, वर एकही नाही — दोन हजार एकशे चाळीस.