वाचनालयाच्या कोपऱ्यातली ओल

प्रिय आई,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली, ती आधी दुरुस्त करते. ताडपत्री दादाने काढली असं मी लिहिलं होतं. हात त्याचे होते, पण काढायला मी सांगितलं होतं. तो नको नको म्हणत होता.

ते पत्र वाचून तू त्याला फोनवर फाडफाड बोललीस, हे मला वहिनीकडून कळलं. ‘जन्म लाकडात गेला आणि तुला अजून पाऊस कळत नाही?’ असं म्हणालीस म्हणे. त्याने ऐकून घेतलं आणि माझं नाव काढलं नाही. तो तसाच आहे, तुला माहीत आहे. मी कशी आहे ते मलाच आत्ता कळतंय.

तू आम्ही बांधत असलेल्या या शाळेच्या इमारतीला ‘भलंमोठं कपाट’ म्हणतेस आणि ते फारसं चूक नाही. सिमेंट फक्त पायात. वरच्या भिंती, जमिनी, जिना सगळं लाकडाचं. पट्ट्यांचे थर उभे-आडवे चिकटवून, दाबून खोलीएवढे पाट तयार होऊन येतात आणि दादाची टोळी ते क्रेनने उचलून जागेवर बसवते. धूळ नाही, खडखडाट नाही. शेजारच्या आजींनी खिडकीतून विचारलं होतं, ‘काम चालू आहे की बंद पडलं?’ सिमेंट भाजताना होतो तेवढा धूर वाचतो, झाडाने हवेतून घेतलेला कार्बन भिंतीतच राहतो, तोडलं तिथे पुन्हा झाड लावता येतं, हे मी बैठकांमध्ये इतकं घोकलंय की दादा मला ‘झाडबाई’ म्हणतो. पण इथे अशी इमारत पहिलीच. निम्मे लोक ती कधी जळते याची वाट बघतात, निम्मे कधी कुजते याची.

ताडपत्री काढली त्या दिवशी दुसऱ्या एका शाळेचे विश्वस्त बघायला येणार होते. त्यांना पटलं असतं तर त्यांचीही इमारत लाकडाची झाली असती. पाटांवरच्या निळ्या ताडपत्रीखाली त्यांना काय दिसणार, असं मला वाटलं. दादा म्हणाला, ‘झाडबाई, ढग बघ जरा. पाहुण्यांना पाट दाखव, पण त्याला आंघोळ नको घालूस.’ टोळी हसली. मला ते लागलं आणि मी म्हटलं, ‘इथे इंजिनिअर मी आहे.’ सख्ख्या भावाला, आई. त्याने दोर सोडले. पाहुणे खाली चहा घेत होते तेव्हा पाऊस कोसळला आणि वरचा उघडा पाट भिजला.

आमच्या कंपनीच्या साहेबांनी विचारलं, ताडपत्री कोणी काढली? दादा म्हणाला, ‘मी.’ माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. मी शेजारीच उभी होते आणि माझं तोंड उघडलं नाही. त्याची टोळी काढून घेतली, त्याला दुसऱ्या कामावर साधा सुतार म्हणून पाठवलं. जाताना म्हणाला, ‘घाई करू नकोस, नीट वाळू दे.’ हे मलाही ठाऊक होतं. शाळेत जायच्या आधी तुझ्या वर्कशॉपमध्ये फळीच्या तुकड्यांवर अक्षरं गिरवली, तेव्हापासून ठाऊक आहे की लाकूड भिजलं म्हणून बिघडत नाही, ओलं कोंडलं की बिघडतं.

पण शाळा उघडायची तारीख जवळ आली. ओल मोजायचं यंत्र घेऊन मी गेले, पाटाच्या मधोमध मोजलं. कोरडं. खांबाजवळ पाटांची कापलेली टोकं येतात, लाकूड तिथून सर्वांत जास्त पाणी पितं. तिथे मोजलं नाही. विसरले असं लिहिणार होते, पण विसरले नव्हते. त्या कोपऱ्याकडे गेलेच नाही. साहेबांना सांगितलं, सगळं वाळलंय. वर रबराचा थर पडला, त्यावर जमीन झाली. तिथे वाचनालय आहे. लहान मुलं खाली बसून वाचणार आहेत.

काल झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘या कोपऱ्यात ओल्या टॉवेलसारखा वास कसला येतो हो?’ साहेब हसून म्हणाले, ‘लाकडी इमारत आहे मावशी, असं होणारच.’ आई, दादा ‘मी’ म्हणाला तेव्हा मला लाज वाटली होती, पण काल पायाखालची जमीन नकोशी झाली. आधी भावाने माझा दोष स्वतःवर घेतला, आता ज्या लाकडाची वकिली करत फिरले त्याच्यावर मी तो ढकलतेय. आणि याही वेळी गप्पच उभी राहिले.

आत्ता उघडलं तर तो पाट वाचेल असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही, खाली बघितल्याशिवाय कळणार नाही. दादाला आधी सांगितलं तर तो ‘जाऊ दे गं’ म्हणेल आणि मी जाऊ देईन, माझी मला खात्री आहे. म्हणून तुला लिहिलं. तू वाचलंस की मला मागे फिरता येणार नाही. माझी समजूत काढायला फोन करू नकोस, त्याला कर. पुस्तकांची कपाटं शुक्रवारी येतील, मग तिथे कोणी हात लावू देणार नाही. साहेबांना शेजारी उभं करून, ताडपत्री कोणी काढायला लावली आणि ओल कुठे मोजली नाही ते सांगून, तो कोपरा मी माझ्या हाताने उघडणार आहे. गुरुवारी, अकरा तारखेला, सकाळी.

तुझीच,
धाकटी