जिन्याखाली न मावणारं दुकान

मूल, जि. चंद्रपूर, मे २००७

प्रिय धनराज,

रागातच लिहायला बसले आहे, तेव्हा खुशाली नंतर. तू भेट दिलेल्या कॉम्प्युटरच्या त्या चपट्या कॅबिनेटनं काल माझं नाक कापलं. ग्राफिक्स कार्ड आत मावेना, म्हणून तू हसत हसत त्याचा पंखा आणि धातूच्या पट्ट्या काढून टाकल्यास ना? काल कोलूभाऊंच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग दुकानात व्हिडिओ मिक्सिंगला घेतलं. सप्तपदीपर्यंत आले आणि नवरीच्या तोंडावर हिरवे ठिपकेच ठिपके. कोलूभाऊ म्हणाले, "बाई, नवरदेव दिसून राह्यला, मायी पोरगी कुठी गेली?" मी उत्तर देईपर्यंत कार्ड जळालं.

आपण चंद्रपूरला कॉम्प्युटर हार्डवेअरच्या एकाच वर्गात शिकलो, तरी तुला पुन्हा सांगावं लागतंय. चिप लहान झाली म्हणून तिचं काम लहान होत नाही. वाचलेल्या जागेत आणखी लाखो ट्रान्झिस्टर कोंबतात आणि त्यांना आणखी जोरात पळवतात. खाल्लेल्या सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होते, आणि ती नखाएवढ्या जागेतून बाहेर काढायची असते. त्यासाठी वारा लागेल असा पसरट धातू हवा, पंखे हवेत. कार्डाचं ते धूड बहुतेक याच कामाचं असतं. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर कूलरही गरम हवा फेकतो.

तू कॅबिनेट दिलंस त्या दिवशी तुझे बाबा म्हणाले, "चिप नखाएवढी म्हनते, मंग एवढं धूड काऊन? आमच्या घरच्या जिन्याखाली मावते न पोरी तुयं दुकान." त्यांचं मला काही वाटलं नाही, त्यांना कोणी सांगितलंच नाही. तुला माहीत होतं. तू त्यांच्याबरोबर हसलास, ते मात्र फार लागलं रे. तू मला आवडतोस, म्हणून जास्तच लागलं.

मी जिन्याखाली येणार नाही. गिरणीच्या रस्त्यावरचा मोठा गाळा आज घेतला, दोन्हीकडून वारा येतो. पाटीवर नाव माझं आहे. लग्नानंतरही तुमच्या सिंदेवाहीहून रोज एसटीनं इथे येईन. गुरुवारी आपलं साक्षगंध आहे, अंगठ्या घातल्या की लग्नाची तारीख तिथेच ठरेल. त्याआधी हे सगळं तू तुझ्या घरी सांगायचंस, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. तेवढ्यासाठीच हे पत्र. जमत नसेल तर गुरुवारी येऊ नका. मंडप टाकलेलाच आहे, आमची माणसं जेवून घेतील.

गुरुवारपर्यंत तरी तुझीच,
भाग्यश्री